तळाचा कागद आणि तीन इंची काज

होडी तरंगली. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुना कागद आहे. होडीच्या आराखड्याचे आम्ही एकूण पाच कागद. त्यांतला मी तिसरा, म्हणजे तळाचा. मी पूर्ण मापाचा आहे. जमिनीवर पसरलो की खोलीतल्या माणसांना भिंतीला चिकटून चालावं लागतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पण सांगतो.

मला एका बाईंनी काढलं. घरच्या घरी होडी बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी त्या आराखडे काढून टपालानं पाठवत. शिसपेन्सिलीला टोक काढायला त्या जितका वेळ देत, तितका लोक लग्न ठरवायलाही देत नाहीत. माझी एकेक रेघ त्यांनी तीनदा तपासली. मग दमून चहा घेतला आणि मला गुंडाळून पाठवून दिलं.

मी पोचलो एका शिंप्याच्या दुकानात. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची थोरली बहीण दुकानात काज-बटणं करी. तिचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला. वळसा घालून यायचं तर दोन बस आणि दोन तास. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर ताईंनी जाहीर केलं की उन्हाळा संपेपर्यंत येईन, मग घरी बसेन. चाळीस वर्षं समोरच्या स्टुलावर बसून जी आपल्याला नावं ठेवते, ती उद्यापासून नसेल, हे मास्तरांना सोसेना. सरळ तळं ओलांडलं तर वीस मिनिटं. म्हणून होडी.

ही होडी शिवायची असते, मित्रांनो. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाचायचे आणि सांधे गोंदानं भरायचे. मास्तरांना वाटलं, हा तर सदराच. इथेच घोटाळा झाला. शिंपी शिवणीसाठी कापड बोटभर जास्त सोडतो, त्याला माया म्हणतात. शिवाय दुसऱ्यानं पाठवलेल्या मापावर कुठलाच शिंपी विश्वास ठेवत नाही. मास्तरांनी दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडली. टाचल्यावर होडीला दोन नाकं झाली आणि दोन्ही एकमेकांकडे बघेनात.

मास्तरांनी बाईंना कडक पत्र लिहिलं की तुमची मापं चुकली. उत्तर एका ओळीचं आलं: "मास्तर, लाकूड धुतल्यावर आटत नाही."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्तीचं लाकूड तासलं. दोन्ही नाकं एक झाली, तीही केसभर फट न राहता. तेव्हा त्यांनी माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली की यापुढे कागद सांगेल तेच, आपलं डोकं चालवायचं नाही. मला कृतकृत्य वाटलं. डोकं थोडं चालवायला हवं होतं, हे नंतर कळलं.

कारण माझ्या बरोबर मधोमध तीन इंचांचं एक तपकिरी वर्तुळ होतं.

मास्तरांनी होडीच्या तळाला तीन इंची गोल भोक पाडलं. इतकं सुबक, की मलाच ते आपल्यावर असल्याचा अभिमान वाटला.

"हे कशाला?" ताईंनी विचारलं.

"पाणी बाहेर जायला."

"आणि आत यायला?"

"त्याबद्दल कागदावर काही लिहिलेलं नाही."

मग त्यांनी बाईंना नम्र पत्र टाकलं: काज झालं आहे, बटण कोणत्या मापाचं लावायचं ते कळवावं.

उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी बाईच आल्या. पिशवीतून त्यांनी कप काढला आणि माझ्या वर्तुळावर ठेवला. तंतोतंत बसला.

"म्हणजे कागद खोटा?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. प्लायवूड संपलं होतं आणि उन्हाळाही संपत आला होता.

"कागद खरा. कप माझा, चूक माझी." बाईंनी कप पुन्हा पिशवीत टाकला. "मास्तर, मी आजवर एकही होडी बांधलेली नाही. तुम्ही लोक बांधता, या भरवशावर मी रेघा ओढते. आता हे कसं बुजवायचं, ते तुम्ही सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी आराखडेवाली शिंप्याला मत विचारत होती. मास्तरांनी भोकाकडे पाहिलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"ठिगळ लावू. भोकापेक्षा चहूकडून बोटभर मोठं. माया सोडल्याशिवाय ठिगळ धरत नाही."

बाईंनी ते माझ्या समासात लिहून घेतलं आणि खाली सही केली.

तळ्यावर मास्तरांनी मला काखेत घेऊन नेलं. ताईंची अट होती की जिनं काढलं तिनं आधी बसावं. बाईंना पोहता येत नव्हतं. त्या आत उतरल्या आणि नेमक्या ठिगळावर बसल्या. मास्तरांनी वल्ही हातात घेतली. ताई काठावर छत्री उघडून पाव तास होडीच्या तळाकडे बघत राहिल्या. काही झालं नाही.

"सरका जरा," ताई म्हणाल्या.

आता ताई रोज वीस मिनिटांत येतात आणि मास्तर हळू वल्हवतात म्हणून दिवसभर ऐकवतात. मास्तर इतके सुखात आहेत, की शिलाई मशीन हलतं म्हणून त्यांनी मला आठ घड्या घालून त्याच्या पायाखाली ठेवलं आहे. मित्रांनो, कागदावर विश्वास ठेवा, पण त्यावर कप ठेवू नका.

सबब, संबंधितांना नम्र विनंती की, अर्जदारास मशीनच्या पायाखालून तत्काळ कार्यमुक्त करून ठिगळाशेजारी कायमस्वरूपी आसन मंजूर करावे. पाण्यात कागदाचे काय होते, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. त्याचा होडीवर विश्वास आहे.