माहेरच्या खडीची पायवाट

मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझी जीवनकहाणी निवेदन करणार आहे. ती आनंददायक नाही, तरी शांत चित्ताने ऐकावी, ही नम्र विनंती.

मी एक जुना खडा आहे. माझा जन्म कोकणात, नंदाबाईंच्या माहेरच्या वहाळात झाला. वाहत्या पाण्याने मला घासून गोल केले. पुढे नंदाबाईंचे पती दादू यांनी मला व माझ्या असंख्य भावंडांना गोणींत भरून मुलुंड येथे आणले आणि तळमजल्यावरील घरापुढील बागेत पसरले. नंदाबाई आमच्यावरून अनवाणी चालत सोनचाफ्यापर्यंत जात. "ही माझी माहेरची माणसं," असे त्या आल्यागेल्यास सांगत. तशी प्रशंसा मला पुन्हा लाभली नाही.

कालांतराने त्यांचे पाय गेले. चाकांची खुर्ची आमच्यात रुतू लागली. चाफा समोर फुललेला दिसे, परंतु हाताला येत नसे. तेव्हा दादूंनी अंधेरीहून देवेश नावाच्या कारागिरास बोलाविले. रेझिन नावाच्या चिकट रसायनात आम्हांस कालवून तो सपाट पायवाट करणार होता.

"काका, नवीन खडी मागवू ना. ही धुऊन वाळवायची म्हणजे जाम वेळ जाईल."

"घरची असताना विकतची कशाला रे? जाऊ दे वेळ."

आम्हांस धुतले, चाळले, ताडपत्रीवर खडखडीत वाळविले. जराही ओल राहिली तर रेझिन धरत नाही, असे देवेशने दादूंना बजावले होते. नंदाबाई त्या वेळी घरात होत्या.

कामाच्या दिवशी देवेशने डब्यात रसायन ढवळले. इतक्यात नंदाबाई खुर्चीतून आल्या. शुभकार्य म्हणून त्यांनी नारळ फोडला आणि त्याचे पाणी, पाठोपाठ तांब्यातले पाणीही, आमच्या ढिगावर मायेने ओतले.

देवेश कुजबुजला, "काका, वाट लागली! डब्यातलं ढवळलेलं आता थांबणार नाय, घट्ट होईल."

दादूंनी पत्नीच्या मुखाकडे पाहिले. तेथे फार दिवसांनी हसू होते.

"घाल तसंच. तिला काय बोलू नकोस."

प्रारंभी पायवाट सुंदर चकाकली. नंदाबाईंनी चाफ्यापाशी जाऊन स्वहस्ते फूल खुडले. त्यानंतर मात्र आमच्यावर पांढुरका थर आला आणि आम्ही सुटू लागलो. एके सकाळी चाक खड्ड्यात अडकून खुर्ची कलंडली. तेव्हापासून नंदाबाई अंथरुणावर आहेत. खिडकीतून त्यांनी विचारले,

"अहो, माझ्या माहेरचे खडेच वाईट का हो?"

"तुझ्या माहेरचं काय टिकलंय? एक तू सोडून!"

त्या खूप हसल्या. दादूंनी पाठ फिरविली. डॉक्टरांनी आता आशा सोडली आहे.

मी चाफ्याखाली सुटा पडलो आहे. फुले माझ्याशेजारी गळतात व तेथेच काळी पडतात. मित्रांनो, पायवाटेस घरची खडी अवश्य वापरा. पण ती कोरडी ठेवा, आणि कोरडी का ठेवायची ते घरातील प्रत्येकास आधीच सांगा. नंदाबाईंना मात्र आता काही सांगू नका. दोष माझाच राहू द्या.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

खड्याच्या वतीने लिहिणार,
दादू शिवराम परब, मुलुंड