इंजिन बंद केल्यावर

सकाळी उठल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी बोलत नाही. हा नेम फार वर्षांचा. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली आहे, की सकाळच्या वेळी लेक मला काही विचारतच नाही, नुसतं सांगते. "आई, आज तू बोटीवर यायचंस," तिनं सांगितलं आणि धक्क्यावर पोचताच माझ्या अंगावर लाइफ जॅकेट चढवून पट्टे आवळलेसुद्धा.

आज पहिल्यांदाच सुकाणू तिच्या एकटीच्या हाती होतं. बोट मालकांची, सगळा धक्का त्यांना काका म्हणतो. शाळेच्या मुलांना समुद्रातले प्राणी दाखवून आणायचं, हा त्यांचा धंदा. आजची फेरी जमली तर या हंगामातल्या सगळ्या फेऱ्या लेकीच्या, नाहीतर सुकाणू पुन्हा त्यांच्या पुतण्याकडे. तसं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. आणि आता स्वतः मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

मुलं दुसरी-तिसरीतली, सोबत त्यांच्या वर्गाच्या बाई. माझ्या शेजारी पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी येऊन बसली. बोट कुणी रंगवली इथपासून माझं वय काय इथपर्यंत तिनं सगळं विचारून घेतलं आणि उत्तर येईना तशी ओरडली, "ताई, ही आजी मुकी आहे का?"

"मुकी कुठली! आई आहे ती माझी," लेक मागे न बघता म्हणाली. "दुपारपर्यंत दुकान बंद असतं तिचं."

मुलं खिदळली. मीही हसले. हसायला कुठे बंदी आहे?

खडकांवर पाणकावळे पंख पसरून उभे होते. "आंघोळ झाली, पण टॉवेल घरी विसरलेत," लेकीनं सांगितलं. मुलं खूष. एकानं तेवढ्यात बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला आणि मग बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला.

मग लांबवर डॉल्फिनच्या पाठी दिसल्या. मुलं उभीच राहिली. तेवढ्यात दुसऱ्या एका बोटीनं घरघर करत त्यांच्यावर धाव घेतली आणि पाठी पाण्यात गडप झाल्या.

"ताई, तिकडे! तिकडे चला ना!"

लेकीनं इंजिन बंद केलं.

"अगं, बघत काय बसलीस?" काका उठले. "घाल बोट त्यांच्या मागे!"

"मागे नाही लागायचं, काका. त्यांच्यात पिल्लू आहे. दमतं ते."

"आणि ही पिल्लं रडत घरी गेली, म्हणजे? ही शाळा पुन्हा फिरकायची नाही."

"मुलांनी फार वाट पाहिलीय हो," बाईही हळूच म्हणाल्या.

प्राण्यांच्या मागे बोट घालायची नाही, हा लेकीचा नेम. तिनं तो आजवर कधी बोलून दाखवला नव्हता. मला आपला कळला होता. पण आईचं मन. इतकी धडपड करून मिळालेलं सुकाणू डोळ्यांदेखत जाताना दिसत होतं. घाल गं, आजच्या दिवस घाल, असं अगदी ओठांवर आलं. माझा शब्द तिनं मोडला नसता. मौन होतं म्हणून वाचलो, मीही आणि तीही.

"ऐका सगळ्यांनी," लेक मुलांकडे वळली. "आता माझ्या आईसारखं व्हायचं. दुकान बंद! डोळे मिटा, कान उघडे. काकांनीसुद्धा."

काका काहीतरी पुटपुटले, पण बसले.

फळ्यांवर पाणी चुबुक चुबुक वाजत राहिलं. कुणाला तरी उचकी लागली, तीही दाबली गेली. बराच वेळ काहीच झालं नाही. लेकीनं सुकाणू घट्ट धरलं होतं, ते मी अर्धवट डोळे उघडून पाहिलं. खोटं कशाला सांगू?

आणि मग, फुस्स्.

शेजारच्या मुलीची नखं माझ्या मनगटात रुतली. पुन्हा एकदा, फुस्स्. आणि त्याच्या पाठोपाठ एक बारीकसा, घाईचा श्वास. बोटीच्या अगदी कडेनं एक करडी पाठ सरकत गेली, आणि तिला बिलगून छोटी पाठ. एकही मूल ओरडलं नाही. बाईंनी तोंडावर हात धरला होता. काकांनीही.

धक्क्यावर दुसऱ्या बोटीतली मुलं मिरवत होती. "आम्ही खूप पाहिले! सगळे पळत होते!"

"आम्ही त्यांचा श्वास ऐकला," आमची दात पडलेली म्हणाली. "पिल्लाचापण. तुम्ही ऐकलात?"

काकांनी हे ऐकलं. बोटीची किल्ली खिशातून काढून त्यांनी लेकीच्या हातावर ठेवली.

"उद्या दुसरी शाळा आहे. आणि आईला आण. पोरांना गप्प बसवायला कुणीतरी हवं."

ऊन डोक्यावर आलं होतं. मौन सोडताना पहिला शब्द देवाचा, हा माझा शिरस्ता. पण लेक किल्ली मुठीत धरून माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या तोंडून आधी निघालं, "बाळा!" देवाचं नाव त्याच्या मागून घेतलं. त्याला कळेल.

"दुकान उघडलं!" ती मुलगी सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी ओरडली.