तीन इंच

गुरुवारी सकाळी आई ओट्यावर वाकून शेंगा मोडत होती आणि मला विचारत होती, "सरकार, माझा मोजायचा टेप पाहिलात का?" चिडवायचं असलं की ती मला अहोजाहो करायची.

"माझ्या मुद्रितांवर आहे. काल तूच ठेवलास, वजन म्हणून."

"बरं केलं. पानं उडाली असती तर घर डोक्यावर घेतलं असतंस."

मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. व्हीलचेअरवर बसून, म्हणायला हवं. माझं टेबल स्वयंपाकघराच्या दारासमोर आहे, त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा मी आईला त्या ओट्यावरून उठताना पाहायचे. आधी डावा तळवा ओट्याच्या लाकडी फळीवर, मग उजवा हात कमरेवर, मग ती दोन टप्प्यांत सरळ व्हायची. मधल्या टप्प्यावर नाकातून बारीक आवाज निघायचा. तिला वाटायचं, तो मला ऐकू येत नाही.

"बसून मोड ना," मी म्हटलं.

"बसून माझं डोकं चालत नाही."

"लोकांना मात्र सांगत फिरतेस, पाठ सांभाळा म्हणून."

"लोकांनाच सगळं सांगून संपतं गं. घरी येईपर्यंत काही उरत नाही." तिने फळी दाबून पाहिली. "हा फळीखालचा डावीकडचा ब्रॅकेट हलतोय. सुतारदादांना फोन केलाय. शनिवारी येतो म्हणाले. हल्ली फार भाव खातात."

आई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवायला, अंघोळ करायला, शर्टाची बटणं लावायला शिकवायचं, हे तिचं काम. बारा वर्षं तिने ते हॉस्पिटलात केलं. मग मी सोळा वर्षांची असताना मणक्याच्या आजाराने माझे पाय गेले. मला घरी आणलं तर खुर्ची न्हाणीघराच्या दारात अडकली. आई तशीच दारात उभी राहिली. म्हणाली, "आम्ही माणूस उभा करून घरी पाठवतो, आणि घर त्याला परत पाडतं."

त्यानंतर तिने आमचं घर बदलायला घेतलं. नकाशा काढायला आलेल्या आर्किटेक्टने तिचं मोजमाप पाहून तिला आपल्या ऑफिसात बोलावलं. ती गेली ती हॉस्पिटलात परतलीच नाही. इतर आर्किटेक्ट तिला मागून 'मोजणीवाल्या बाई' म्हणायचे. भिंती रंगवून झाल्यावर येऊन त्या दार रुंद करायला सांगतात, अशी त्यांची तक्रार. पण तिने केलेल्या शाळांत, दवाखान्यांत, घरांत लोक कुणाला हाक न मारता आत जातात आणि बाहेर येतात. प्रत्येक स्वयंपाकघरात ती दोन उंचीचे ओटे करायची, उभं राहणाऱ्यासाठी एक आणि बसणाऱ्यासाठी एक.

आमचं स्वयंपाकघर सात फुटांचं. त्यात ओटा एकच मावत होता. तो तिने माझ्या मापाचा केला.

आणि ते माप मी तिला खोटं दिलं होतं.

माप घेतलं त्या दिवशी सुतारदादा हजर होते. आई स्टीलचा टेप घेऊन माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं होतं. दोन महिने ती मला मोजतच होती, हात किती उचलतो, मान किती वळते. मला आई हवी होती आणि मिळत होती थेरपिस्ट. मला वाटलं, हे घर चुकावं. चुकलं की ती मोजायचं थांबेल. मी पाठ मुडपली, खांदे पाडले.

"नक्की अशीच बसतेस?" तिने विचारलं.

"नक्की."

त्या मापाने ओटा अठ्ठावीस इंचांवर आला. ताठ बसले असते तर एकतीसवर आला असता. पहिल्याच दिवशी फळीची कड माझ्या मांड्यांवर टेकली. खुर्चीचे हात खाली जाईनात, म्हणून मला लांबून वाकून काम करावं लागलं. आई तर माझ्याहून जास्त वाकली. एकोणीस वर्षं आम्ही दोघी त्या फळीवर वाकत होतो. पहिली दोन वर्षं मी रागाने काही बोलले नाही. मग तिच्या कमरेला पट्टा आला, आणि त्यानंतर मला बोलायला तोंडच उरलं नाही.

त्या गुरुवारीही आलं होतं ओठांवर. ती चपला घालत होती. मी म्हटलं, "आई."

"काय गं?"

"काही नाही. छत्री घे."

"ऊन पडलंय."

"मग राहू दे."

"येताना काही आणू?"

"नको."

दुपारी एका शाळेच्या बांधकामावरून इंजिनियरचा फोन आला. आई लहान मुलांच्या बेसिनची उंची तपासत होती. दमल्यासारखं वाटतंय म्हणून व्हीलचेअरसाठी केलेल्या उतारावर बसली. त्याने पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. नंतर त्याने मला टेप आणून दिला. तिच्या मुठीतून सोडवावा लागला, हे त्याने सांगायला नको होतं.

सतरा दिवसांनी सुतारदादा आले. आता ते सत्तरीला टेकलेत. अवजारांची पिशवी त्यांनी दारातच खाली ठेवली.

"शनिवारी येतो म्हणालो होतो बाईंना," ते म्हणाले. "तो शनिवार राहूनच गेला, पोरी."

"बसा ना काका. चहा टाकते."

"चहा नंतर. आधी ब्रॅकेट बघतो. नाहीतर बाई म्हणतील, आला आणि गप्पा मारत बसला."

ते ओट्याखाली शिरले, घट्ट करून बाहेर आले. मग ओट्याच्या वर भिंतीला लावलेल्या लाकडी पट्टीवर त्यांनी बोट फिरवलं. भिंतीच्याच रंगाची पट्टी. इतकी वर्षं मी ती रोज पुसत होते.

"हिच्या मागे काय आहे ते माहीत आहे का तुला?"

"काय असणार? तेल उडू नये म्हणून लावलीय."

त्यांनी स्क्रू काढले आणि पट्टी उतरवली. मागे भिंतीत ओळीने भोकं होती. प्रत्येकात स्क्रू बसायला लाकडी गिट्टी ठोकलेली. त्यांनी माझ्या टेबलावरून आईचा टेप घेतला आणि ब्रॅकेटच्या स्क्रूपासून वरच्या भोकापर्यंत धरला. मी आकडा वाचला नाही. वाचायची गरज नव्हती.

"बाईंनी तेव्हाच पाडून घेतली," ते म्हणाले. "म्हणून तर दगडी ओटा नको म्हणाल्या. फळी असली की एका दिवसात वर घेता येते. सिंकचा पाइपसुद्धा लांब ठेवलाय बघ."

"तिला माहीत होतं?"

"अगं, मलासुद्धा दिसत होतं. मी म्हटलं, बाई, पोरगी वाकून बसलीय. तर मला बाहेर नेऊन म्हणाल्या, दिसतंय मला. आज ती एवढीच आहे. ताठ बसेल त्या दिवशी ओटा वर घेऊ."

मी टेबलाची कड धरली.

"दर वर्षी कडीकोयंडे बघायला यायचो ना, दर वेळी विचारायचो, घेऊ का वर? कंबर गेली तुमची. म्हणायच्या, तिला म्हणू दे. मी म्हणायचो, तुम्हीच सांगा की तिला. तर म्हणायच्या, मी सांगितलं तर ते पुन्हा मीच मोजल्यासारखं होईल." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "फार हट्टी बाई. तूही काही कमी नाहीस म्हणा."

खालच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. काकांनी पेन्सिल कानामागून काढली, परत कानामागे ठेवली.

"आता घ्यायचा का वर? की राहू दे?"

मी खुर्ची ओट्यापाशी नेली. फळीवर सुऱ्यांच्या खुणा आहेत. डाव्या बाजूला, जिथे ती उठताना तळवा टेकायची, तिथे सनमायकाचा रंग उडालाय. मी माझा तळवा तिथे ठेवला आणि पाठ सरळ केली. मग मी बोलले. काका ऐकत होते, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं.

"आई, मी तेव्हा मुद्दाम वाकून बसले होते गं. ओटा वर घे."