बॅटरीच्या बोटीत वाफेचं इंजिन

"या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ! बारका पाना कुणी हलवला?" हे माझ्या कानाशीच पुटपुटले. पाना यांच्याच सदऱ्याच्या खिशात होता. मी खिशाकडे बोट दाखवलं आणि मेथी निवडू लागले. हल्ली रोज असं काही ना काही होतं, आणि आमच्या घरात प्रत्येकजण दुसरीकडेच कुठेतरी बघत असतो.

कंपनीनं व्हीआरएस घ्यायला लावली आणि हे बॉयलर हाऊसमधून घरी आले. हिंजवडीत नोकरीला लागलेल्या आमच्या अपेक्षानं, बाबांचं मन रमावं म्हणून, लाकडी बोटीचं किट आणलं. बॅटरीवर चालणारी बोट. यांनी खोका उघडून मोटर माझ्या हातात ठेवली. "ही तुझ्या मिक्सरला घाल. बोट वाफेवर चालते."

बॉयलर हाऊसमधले यांचे जोडीदार शकीलभाई आमच्या धायरीतच राहतात. त्यांनी तांब्याचा तळहाताएवढा बॉयलर करून दिला, वर वाफेच्या दाबाचा काटा आणि जास्तीची वाफ सोडणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. यांनी बोटीच्या आतल्या आडव्या पट्ट्या कापल्या, लाकूड पेटू नये म्हणून पत्रा बसवला, इंजिन बोटीच्या मागच्या पंख्याच्या दांड्याशी एका रेषेत आणलं. हात अजून सराईत होते. फक्त एकदा हे बॉयलरमध्ये पाणी न घालताच काडी ओढायला निघाले. अपेक्षानं गंमत केल्यासारखं हसून तांब्या पुढे केला. मी गॅस बारीक करायला आत गेले.

खंडेनवमीला गच्चीवर हत्यारांची पूजा यांनीच केली. पक्कड, करवत, बोट, बॉयलर, सगळ्यांना ओलं हळदकुंकू, वर अक्षता. जेवणं होईपर्यंत ते उन्हात कडक वाळलं.

मग बोट टबात सोडली. बॉयलरखालचा स्पिरिटचा दिवा पेटला, पंखा गरगरला, आणि बोट स्वतःच्या स्वतः निघाली. हे लहान मुलासारखे तिच्यावर ओणवे झाले.

जेवायला आलेले शकीलभाई टाळ्या वाजवता वाजवता थांबले.

"वहिनी, काटा लाल रेषेच्या पुढे गेलाय. व्हॉल्व्ह वाफ का सोडत नाही?"

काटा आणखी सरकला. बॉयलर बारीक थरथरू लागला. यांचं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर.

"अहो, मागे व्हा!"

"थांब गं, बघ कशी पळतेय!"

अपेक्षानं यांना दंडाला धरून ओढलं. शकीलभाईंनी चिमट्यानं दिवा उपसून टबात टाकला. चुर्र झालं. पंखा हळूहळू मंदावला.

बॉयलर निवल्यावर शकीलभाईंनी व्हॉल्व्ह उचलून बघितला. स्प्रिंगच्या वेढ्यांत अक्षता अडकलेल्या, वर वाळलेल्या कुंकवाचा थर. कारखान्यात खंडेनवमीला हे स्वतः हातानं व्हॉल्व्ह झाकून उभे राहायचे. "नमस्कार लांबून करा, इथे कुंकू लावायचं नाही," असं भटजींनाही दरडावायचे.

"स्प्रिंगच तकलादू आणली मी," शकीलभाई म्हणाले.

"कुंकू जरा जास्तच घट्ट कालवलं गेलं माझ्याकडून," मी म्हटलं.

"बाबा, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. उद्याच जाऊ," अपेक्षा म्हणाली.

हे नखानं एकेक अक्षत काढत राहिले. मग आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"नंबर नाही गं वाढलेला," हे म्हणाले. "मी विसरायला लागलोय."