एकशे बेचाळीस गिऱ्हाइकांची नावं

बुधवाऱ्याच्या बाजारात निंबाआबांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. कुठल्या खणात शटल, कुठल्यात बॉबिन, हे ते डोळे झाकून सांगत. पण एक एप्रिलपासून बिलं संगणकावर काढायची म्हटल्यावर ते पुरते गांगरले. कर सल्लागारांनी बजावलं होतं, "प्रत्येक कारखानदाराचं नोंदणीतलं नाव आणि जीएसटी नंबर घेऊन ठेवा. नंबर चुकला तर त्याची कराची वजावट अडकेल आणि तो तुमच्या दारात येऊन बोंबलेल."

आबा दोन महिने नंबर मागत होते. कोणी म्हणे, "भेज देता हूँ", कोणी म्हणे, "कागद घरी आहे". हाती आले अकरा. मार्च सरायला चार दिवस उरले.

"आबा, टेन्शन नका लेऊ," सून मोनाली म्हणाली. संगणक तिनंच मांडला होता. "तुमच्या फोनमधली गिऱ्हाइकं सॉफ्टवेअरमध्ये घेते. सगळ्यांना एकदम मेसेज जाईल."

आबांनी फोन दिला, चहा होईस्तोवर परत घेतला आणि असीरगढला भाच्याच्या साखरपुड्याला निघाले. तिथं पंगतीत बसतात न बसतात तोच फोन वाजला.

"निंब्या, मी रडका?" गिरधरशेठ कडाडले. तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

"कोण म्हणतं?"

"तूच! ऐक. 'प्रिय रडका गिरधर, कृपया आपला जीएसटी नंबर कळवावा.'"

आबांच्या घशात बुंदी अडकली. गिऱ्हाइकांत तीन गिरधर. ओळखायला सोपं जावं म्हणून त्यांनी भाव ऐकताच गळा काढणाऱ्याला रडका करून टाकलं होतं. आणि एकशे बेचाळीस जणांची ओळख त्यांनी याच सोयीनं ठेवली होती! पुढचा फोन वाजायच्या आत त्यांनी पान सरकवलं आणि बस गाठली.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. 'तीनदा परत करणारा' हात उगारून बोलत होता. 'कानात बोलणारा' आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडत होता. मोनाली संगणकाआड लपल्यासारखी बसली होती. "आबा, मी लिस्ट बघितलीच नाही. डायरेक्ट सेंड केलं," ती पुटपुटली.

सगळ्यात भारी त्रास काशिनाथचा झाला. त्याला 'पक्का माणूस' म्हणून मेसेज गेला होता आणि तो मोबाइल घेऊन एकेकाला दाखवत हिंडत होता.

"हा पक्का?" दहा मागांच्या मालकीण अलकाबाई उसळल्या. "आणि मी 'नुसती बघून जाते'?"

आबांनी हात जोडले. "चुकलं माझं. सांगा, काय नाव टाकू?"

एव्हाना मोनालीला कंठ फुटला. "काकू, मनाचं नाव नाही चालत. नंबर टाकला, की सरकारात आहे तेच नाव आपोआप येतं."

मग काय! ज्याचा कागद दोन महिने घरी होता, त्याला तो खिशातच सापडला. अलकाबाई तरातरा घरी गेल्या आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीसकट उचलून घेऊन आल्या. पडद्यावर आपल्या फर्मचं पूर्ण नाव उमटलेलं दोनदा वाचलं, तेव्हा कुठं त्या टेकल्या.

गिरधरशेठ शेवटी पुढं आले. नंबर द्यायच्या आधी त्यांनी स्वतःचा फोन आबांच्या नाकासमोर धरला. तिथं लिहिलं होतं, 'निंबा उद्या येईल'.

"हे काय नाव झालं?" आबांना भलतंच लागलं.

"तीस वर्षांत तुझा माल कधी आज आला का रे?"

अख्खं दुकान हसलं. आबांनी थोडा वेळ तोंड पाडून पाहिलं, पण मिशीतलं हसू त्यांनाही आवरेना.

संध्याकाळपर्यंत, आधीचे अकरा धरून, एकशे अडतीस नंबर जमा झाले. उरलेले चौघे मेसेज वाचत नसत. त्यांच्याकडून मोनाली स्वतः जाऊन नंबर घेऊन आली. एक तारखेला पहिलं बिल बिनचूक निघालं. फोनमधली नावं मात्र आबांनी तिला बदलू दिली नाहीत. "मग मी माणसं ओळखू कशी?" ते म्हणाले, "तू फक्त ते सेंडचं बटण दाबायच्या आधी मला हाक मार."