भिंतीवरचा फोटो

"नाव," क्रेग म्हणाला. "मला फक्त एक नाव हवंय, आर्लीन."

आर्लीनने काचेच्या दारातून बाहेर बघितलं. टीममधले सगळे संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसून बसले होते. एरवी या वेळेला कुणी ना कुणी हसत असायचं.

"चूक टीमची आहे," ती म्हणाली. "तो बदल कुणीच तपासला नाही. मीसुद्धा नाही."

"अख्ख्या टीमला घरी पाठवू का? शाळांचे लोक माझ्या मानगुटीवर बसलेत. एक नाव दे. नाहीतर तुझंच लिहून देतो, मग बस बोंबलत."

विनिपेगच्या थंडीत शाळेच्या बस रद्द झाल्या, की पालकांच्या फोनवर तसा निरोप पाठवायचा, एवढंच त्यांच्या सॉफ्टवेअरचं काम. सोमवारी उत्तरेकडच्या गावांना निरोप गेलेच नाहीत. उणे पस्तीसमध्ये मुलं रस्त्याकडेला बसची वाट बघत उभी राहिली. एका लहान मुलीची बोटं हिमदंशाने काळीनिळी पडली. ती अजून इस्पितळात होती.

हे कुणाकडून झालं ते आर्लीनला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये टीममधल्या वेन्डलने स्वतःच सांगितलं होतं. गाडीचं इंजिन तापवायची वायर तो हाताभोवती गुंडाळत होता आणि ती पुन्हापुन्हा सुटत होती.

"निरोप अधूनमधून अडकतात, हे मला आधीच दिसलं होतं गं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर परत भिंतीवर गेलो असतो."

कॉफीच्या यंत्राशेजारच्या त्या भिंतीवर चूक करणाऱ्याचा फोटो लागे आणि खाली लिहिलेलं असे, 'या आठवड्याचा हिरो'. क्रेगला ती गंमत वाटे. नाताळच्या मेजवानीला वेन्डलचा नातू आला होता. आजोबांचा फोटो बघून त्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, आजोबांना बक्षीस मिळालंय. वेन्डलही त्याच्याबरोबर हसला होता.

"म्हटलं, गुपचूप दुरुस्त करून टाकावं. तर होतं तेही बिघडवून बसलो. तुला म्हणून सांगतोय, आर्लीन."

टीममधली सगळीच माणसं तिच्याजवळ येऊन असंच बोलायची.

आता क्रेग टेबलावर पेन आपटत होता. आपल्या वयाला नोकरी शोधत हिंडणारे तिने पाहिले होते.

"वेन्डल," ती म्हणाली.

"कोण? मोठ्याने बोल."

"वेन्डल थीसन. पण क्रेग, ऐक, तो दुरुस्तच करायला गेला होता. फोटोच्या भीतीने बिचारा..."

क्रेगने फोन उचलला होता.

सुरक्षारक्षक शेजारी उभा असताना वेन्डलने जाड कोट चढवला, खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. कुणीही मान वर केली नाही. जाताना तो आर्लीनपाशी थांबला.

"त्या पोरीची बोटं वाचतील ना गं? काही कळलं का?"

तिला माहीत नव्हतं. सकाळपासून इतक्या बैठका झाल्या, पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

"कळलं तर फोन कर," म्हणून तो गेला.

दुपारी क्रेगने सगळ्यांना गोळा केलं. "झालं ते झालं. आणखी कुणाला कुठे काही गडबड दिसली असेल, तर आत्ता सांगा."

टीममध्ये नवीनच आलेल्या मरिसेलने तोंड उघडलं, वेन्डलच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

पांगापांग झाल्यावर आर्लीन मरिसेलच्या टेबलाशी गेली. पडद्यावर अडकलेल्या निरोपांच्या लाल ओळी होत्या. मरिसेलने झटकन ती खिडकी बंद केली.

"काय गं, अडलंय का काही?"

"छे. सगळं व्यवस्थित आहे."

"मला सांग की. मी बघते."

"खरंच काही नाही, आर्लीन." तिने वर पाहिलं नाही. माउसवरचा हातही काढला नाही.

मरिसेलने काहीतरी उघडायचं म्हणून हवामानाचा अंदाज उघडला. उद्या उणे अडतीस होतं.