योकमोकच्या म्हातारीचं घर

सिक्स्टेनने काठोकाठ भरलेला कॉफीचा मग इल्वाच्या मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

“यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तूही ठेवू नकोस,” तो म्हणाला, “पण पार उत्तरेच्या योकमोक गावच्या एका म्हातारीने आपल्या बेकरीच्या कडक पावांचं अख्खं घर बांधलं होतं. राहायचं घर.”

इल्वाने ओठांचा चंबू करून श्वास झटकन आत ओढला. तिला नवल वाटलं, असं सिक्स्टेनने धरलं. समोरच्याला नवल वाटलं की त्याला आवरणं कठीण.

“मला तीनच्या आत काम संपवायचंय, सिक्स्टेन.”

“संपव की. मी कुठे अडवलंय? कॉफीचा मग तेवढा जपून उचल.”

जेवणघराच्या काचेपलीकडे बेकरीचं गोदाम होतं. कुठला खोका कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा, हे तिथे माणसं ठरवत नसत. ऑर्डरी गोळा करायच्या, साठा ताडून बघायचा, चिठ्ठ्या छापायच्या. एक काम संपलं की सिस्टिम पुढचं आपोआप सुरू करी. या साखळीत सिक्स्टेनने फार वर्षांपूर्वी स्वतःचं एक काम ओवून ठेवलं होतं. त्याचं नाव ‘कॉफी’. ते रोज तीनला सुरू होई, वीस मिनिटं काहीही करत नसे, आणि ते संपेपर्यंत त्याच्या मागची सगळी कामं ताटकळत. चिठ्ठ्या थांबल्या की गोदाम थांबे, आणि सगळी माणसं एका टेबलाभोवती बसत.

मुख्य कचेरीला हे आता कळलं होतं. इल्वाला पाठवलं होतं ते हे काम काढून टाकायलाच. आज तीन वाजले की सिस्टिममध्ये बदल करायला बंदी. मग सगळा देश उन्हाळ्याच्या सुट्टीवर, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही.

गोदामाची मुकादम माय-लिस दालचिनीच्या बनांचं ताट घेऊन आली आणि न विचारता इल्वाच्या शेजारी बसली.

“विश्रांती कुणाची काढून घेत नाहीये मी,” इल्वा तिला म्हणाली. “सिस्टिम एकेकाला सोडेल. आळीपाळीने, ज्याच्या त्याच्या वेळेला.”

“एकटीने कॉफी प्यायला घर आहे की मला,” माय-लिस म्हणाली. नवरा रोल्फ गेल्यापासून तिच्या कपाटातून दुसरा कप निघाला नव्हता. “आणि तिथली कॉफी मी निम्मी मोरीत ओतते.”

इल्वाने ताटातला एक बन उचलला, पण खाल्ला नाही.

“तर त्या वर्षी मी सुट्टीवर होतो,” सिक्स्टेनने धागा उचलला. “कचेरीतून असाच एक शहाणा आला आणि ‘कॉफी’ काढून गेला. सिस्टिमला उसंत नाही. ती लागली पेंगायला. म्हातारीने मागवले होते दोन पुडे. पाठवले. पाठवल्याचं विसरली. पुन्हा पाठवले. ट्रकमागून ट्रक! रस्ता पुरेना, तेव्हा गोठलेल्या नदीवरून.”

“मागच्या खेपेला सांगितलंस तेव्हा म्हातारी नव्हती,” माय-लिस म्हणाली. “पाद्री होता.”

“पाद्री शेजारचा. मध्ये बोलू नकोस.” त्याने बनाचा तुकडा तोंडात टाकला. “आपल्या माणसांनी फोन केला, बाई, परत पाठवा. ती म्हणाली, मागवले ते माझे. पाठवणाऱ्याने मोजून पाठवावेत. आणि लागली की रचायला! विटेच्या जागी पाव, चुन्याच्या जागी लोणी. तिकडची थंडी म्हणजे लोण्याचं सिमेंट होतं.”

इल्वाने लॅपटॉपवरचा मग उचलला. सिक्स्टेनचा घास थांबला. माय-लिसने काचेपलीकडच्या घड्याळाकडे पाहिलं.

इल्वाने दोन घोट घेतले. तो मग पुन्हा होता तिथेच, लॅपटॉपवर ठेवला.

“पुढे?” ती म्हणाली.

“पुढे नगरपालिका आली! म्हणे परवानगी कुठाय, पाडा घर. म्हातारी दारात उभी. म्हणाली, पाडायचं तर खाऊन पाडा, मी हातोडा लावू देणार नाही. साहेबलोक बसले खायला. दुपारपर्यंत जिना संपला, मग पाणी मागायला लागले. तिने पाणीही दिलं नाही. गेले निमूट.”

“आणि उन्हाळ्यात? लोणी वितळलं असेल.”

“वितळलं ना. रेनडिअर आले आणि उत्तरेची भिंत खाऊन गेले. म्हातारी म्हणाली, बरं झालं, मला तिकडे खिडकी हवीच होती.”

इल्वा हसली नाही. पण हातातला बन तिने आता खाल्ला, सावकाश, बोटांवरची साखर चाटूनपुसून.

गोदामातला चिठ्ठ्या छापणारा प्रिंटर थांबला. त्याच्या अखंड किरकिरीची इतकी सवय झालेली, की तो थांबल्यावरच तो चालू होता हे कळे. ट्रॉल्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. हातमोजे काढत माणसं आत येऊ लागली, खुर्च्या ओढू लागली. एकाने दारातूनच विचारलं, “आज आहे ना?”

“आहे,” माय-लिस म्हणाली आणि कप मांडायला उठली.

सिक्स्टेनने खुर्चीत पाठ टेकली. विजय त्याच्या मिशीत मावत नव्हता.

“घर अजून उभं आहे,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “खोटं वाटत असेल तर जाऊन बघ.”

इल्वाने माय-लिसपुढे मग धरला, पुन्हा भरून घेतला.

“मी योकमोकचीच आहे, सिक्स्टेन,” ती म्हणाली. “मघाशी मी श्वास आत ओढला ते नवल नव्हतं, आमच्याकडचं ‘हो’ होतं. तिथे असलं घर नाही, आणि असली म्हातारीही कधी नव्हती. गावाचं नाव तर तू पहिल्याच वाक्यात घेतलंस, मला तेव्हाच कळलं होतं.”